पेठ वसविण्याचा कौल : नगरातील व्यापारास दिलेल्या सवलतींचा शब्दाश्रयी विचार

१

पदव्युत्तर वर्गात अर्थांतराचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा उगम झाला. 'कौल' या शब्दाचे तीन प्रयोग मी फळ्यावर लिहिले होते : देवाचा कौल, मतदारांचा कौल आणि पेठ वसविण्याचा कौल. पहिले दोन सर्वांच्या परिचयाचे होते. तिसरा वर्गात कोणासच ठाऊक नव्हता. त्याचा अर्थ समजावून दिल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे व्यापाऱ्यांनी गावात यावे म्हणून सरकारने दिलेली सबसिडीच ही. मग ती भरली कोणी?" यांतील पहिल्या विधानाची चर्चा तेथल्या तेथे करता आली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मजजवळ नव्हते, आणि ते नव्हते याची टोचणी नंतरही राहिली.

नगराच्या मध्यभागी व्यापार-उदीम यावा, आलेला टिकावा, यासाठी सार्वजनिक द्रव्यातून साहाय्य द्यावे की नाही, हा आज सर्व जगभर वादाचा विषय आहे. त्याची चर्चा बहुधा अर्थशास्त्राच्या परिभाषेत होते व ते योग्यही आहे. परंतु महाराष्ट्रात या व्यवहाराला निदान तीन शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग मराठीतील काही साध्या शब्दांत साठून राहिला आहे. ते शब्द नीट उलगडले तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर, पूर्ण नसले तरी, काही अंशी हाती लागेल असे वाटते. पुणे शहराच्या पेठा हे उदाहरण मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवून हा विचार येथे मांडला आहे.

२

प्रथम बाजारवाचक शब्द पाहू. 'हाट' हा संस्कृत 'हट्ट' शब्दापासून आलेला जुना शब्द. ठराविक वारी भरणारा आणि संध्याकाळी उठून जाणारा बाजार, ही त्याची मुख्य छटा. 'पेठ' या शब्दात कायमच्या वस्तीची कल्पना आहे. कन्नडमधील 'पेटे' आणि तेलुगूमधील 'पेट' हे त्याचे जवळचे सोबती असून बंगळूरच्या चिक्कपेटेत व हैदराबादच्या बेगमपेटेत ते आजही नांदत आहेत. दख्खनच्या पठारावर व्यापारी वस्तीला एकाच घराण्यातील शब्द तीन भाषांत असावा, ही गोष्ट या प्रदेशातील व्यापाराच्या सलगतेची निदर्शक आहे. 'बाजार' आणि 'गंज' हे शब्द फारसीतून आले. यांपैकी 'गंज' या शब्दाचा मूळ अर्थ खजिना, साठा असा होता. धान्याच्या साठ्याची जागा, तेथून बाजाराची जागा, असा त्याचा प्रवास झाला. पुण्याची गंज पेठ या शब्दाचीच आठवण आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका शब्द मात्र 'मंडई' हा होय. आज त्याचा अर्थ भाजीचा बाजार एवढाच उरला आहे. परंतु हा शब्द आणि हिंदीतील 'मंडी' हे दोन्ही संस्कृत 'मंडपिका' या शब्दाकडे जातात, आणि मंडपिका म्हणजे लहान मांडव. दहाव्या शतकापासून पुढील काळातील उत्तर व पश्चिम भारतातील कोरीव लेखांत मंडपिकेचे उल्लेख वारंवार येतात. तेथे ती मालावरील कर गोळा करण्याची जागा आहे, आणि तिच्या उत्पन्नातून देवळांना नेमणुका दिलेल्या आहेत. मराठीत याच मूळ शब्दाचे दुसरे रूप 'मांडवी' असे झाले व त्याचा अर्थ जकातघर असाच टिकला. मुंबईतील मांडवी आणि कच्छमधील मांडवी बंदर ही नावे त्या अर्थाची साक्ष देतात. तात्पर्य, ज्या मांडवाखाली कर घेतला जाई त्याच मांडवाच्या भोवती माल उतरत गेला, विक्री होऊ लागली आणि कराच्या जागेचे नाव बाजाराला मिळाले.

'जकात' या शब्दाची हकीकत याहून वेगळी नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मिळकतीतून गोरगरिबांसाठी काढावयाचा धार्मिक वाटा. हिंदुस्थानात तो मालाच्या ने-आणीवरील कराला लावला गेला. पेशवाईत जकातीचे अनेक प्रकार होते; माल जेथे भरला जाई तेथील 'थळभरीत', जेथे विकला जाई तेथील 'थळमोड', आणि वाटेतील निरनिराळ्या नाक्यांवरील आकार वेगळे. दुकानदार व कारागीर यांच्यावर 'मोहतर्फा' असे. याचा अर्थ असा की व्यापाऱ्याची गाठ राज्यसत्तेशी प्रथम पडे ती कराच्या रूपाने. साहजिकच, व्यापाऱ्याला आपल्या गावी बोलवावयाचे तर राज्यसत्तेला जी पहिली वस्तू देऊ करता येत होती ती म्हणजे हा कर न घेण्याचे वचन.

३

या वचनाचेच नाव कौल. अरबी 'कौल' म्हणजे बोल, शब्द. (घरावर घालावयाचे कौल हा उच्चाराने सारखा असला तरी निराळा शब्द आहे.) एखाद्याने शब्द दिला असे आपण म्हणतो, त्यातील 'शब्द' आणि हा कौल एकाच अर्थाचे. कोकणात व गोव्यात देवाच्या मूर्तीला फुले किंवा पाकळ्या लावून कौल मागतात, तेव्हा मागणारा भक्त देवाच्या तोंडून शब्द मिळण्याची वाट पाहत असतो. निवडणुकीतील कौलाचा अर्थ त्यावरूनच निघाला. प्रशासनात कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले लेखी अभयपत्र. गाव ओसाड पडला, लढाईत लुटला गेला, दुष्काळाने उठून गेला, की तो पुन्हा वसविण्यासाठी कौल दिला जाई. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला 'इस्तावा' मिळे. पहिल्या वर्षी अगदी हलका सारा, पुढे दरसाल थोडा चढता, आणि ठरलेल्या वर्षी पूर्ण धारा, अशी इस्ताव्याची रीत. मोल्सवर्थने आपल्या कोशात हा अर्थ नोंदविला आहे.

पुण्याच्या इतिहासात या पद्धतीची आठवण शिवपूर्वकाळापर्यंत मागे जाते. आदिलशाही सरदाराने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेवाने १६३६ नंतर हा मुलूख हलक्या साऱ्याच्या वचनावर पुन्हा वसविल्याचे बखरी सांगतात. कथेचा आलंकारिक भाग वगळला तरी त्यामागील व्यवहार समजण्यासारखा आहे. राज्यकर्त्याजवळ जमीन विपुल होती, माणूस दुर्मिळ होता. जमीन फुकट देऊन माणूस मिळवावयाचा होता. शेतजमिनीसाठी घडलेली ही रीत पुढे दुकानांना लागू झाली, हा माझ्या मते पेठांच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. शेतीच्या परिभाषेतून व्यापाराच्या परिभाषेत 'वसविणे' हे क्रियापद जसेच्या तसे आले. आपण गाव वसवितो तशीच पेठही वसवितो. मराठीत पेठ 'बांधली' असे कोणी म्हणत नाही. भिंती उभारल्याने पेठ होत नाही, माणसे राहिल्याने होते, हे ज्ञान त्या क्रियापदात आहे.

४

पुण्याचा कसबा सर्वांत जुना. शहापूर, मलकापूर, मुर्तजाबाद यांसारखी पेठांची जुनी नावे मुसलमानी अमलाची खूण सांगतात; औरंगजेबाच्या मुक्कामात, १७०३ च्या सुमारास, वसलेली मुहियाबाद ही आजची बुधवार पेठ. पहिल्या बाजीरावाने आपले ठाणे पुण्यास आणले आणि १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याच्या कामास आरंभ झाला, तेव्हापासून शहराचे स्वरूप पालटू लागले. शुक्रवार पेठ व पुढे वेताळ पेठ, म्हणजे आजची गुरुवार पेठ, वसविण्याचे श्रेय जिवाजीपंत खासगीवाले यांस दिले जाते. सदाशिव पेठेस सदाशिवराव भाऊंचे, नारायण पेठेस नारायणराव पेशव्यांचे नाव मिळाले. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत नाना फडणविसांच्या पुढाकाराने नाना पेठ व भवानी पेठ या पूर्वेकडील पेठा वसल्या. रास्ते घराण्याच्या नावाने रास्ता पेठ झाली. साठ-सत्तर वर्षांत एका कसब्याचे एवढे मोठे नगर व्हावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

ही वाढ आपोआप झालेली नाही. नवी पेठ वसवावयाची म्हणजे प्रथम एखाद्या कर्त्या माणसाने ती वसविण्याचे अंगावर घ्यावयाचे. सरकारने त्याला कौल द्यावयाचा. कौलात सामान्यतः घरे-दुकाने बांधण्यास जागा, काही ठराविक वर्षे करांची व जकातीची माफी किंवा सूट, वेठबेगारीपासून मोकळीक, आणि मुदत संपल्यावर शिरस्त्याप्रमाणे कर द्यावयाचा, अशी कलमे असत. त्या आश्वासनावर वाणी, उदमी, सराफ, कासार, साळी, कोष्टी यांना बोलावून आणावयाचे. पेठेची व्यवस्था पाहण्यास शेटे व महाजन हे वतनदार असत. 'शेटे' म्हणजे 'श्रेष्ठी'. त्यांनी दुकानदारांचे तंटे पाहावे, पेठ भरती ठेवावी, आणि त्याबद्दल दुकानांतून व आलेल्या मालातून ठरलेले हक्क घ्यावे, अशी ही योजना होती.

राज्यकर्त्याने केवळ माफीवर भिस्त ठेवली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी शहरात आणले गेले आणि वाड्यांना व सार्वजनिक हौदांना मिळू लागले. कोतवालाच्या चावडीमुळे दुकानदाराला रात्री निर्धास्त झोप येण्याची काहीशी शाश्वती मिळाली. पाणी, पहारा आणि माफी या तिहींच्या जोडीने पेठ उभी राहिली. एकट्या माफीने राहिली असती असे म्हणण्यास आधार नाही.

हा प्रकार केवळ मराठी राज्यातच होता असेही नव्हे. मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले तेव्हा तेथे व्यापारी नव्हते. ते सुरतेस आणि दीव बंदरात होते. त्यांना आणण्याचे धोरण गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने चालविले. दीवचा व्यापारी नीमा पारख याला कंपनीने १६७७ साली दिलेल्या हक्कांत घर व वखार बांधण्यास बिनभाड्याची जागा, स्वधर्माप्रमाणे वागण्याची मुभा आणि पहाऱ्याच्या कामगिरीतून सुटका ही कलमे होती. कंपनीच्या इंग्रजी कागदात त्याला काहीही म्हटले असो, मराठी दफ्तरी कारकुनाने तो कागद वाचला असता तर त्याने निःसंशय 'कौलनामा' असाच शेरा मारला असता. प्रतिस्पर्धी बंदरातील व्यापारी फोडून आपल्या बंदरात आणणे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

५

आता मूळ प्रश्न. या सवलती फळल्या काय?

पुण्याच्या पेठा भरल्या, हे सत्य आहे. पण त्या कौलामुळे भरल्या असे म्हणता येईल काय? प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत (पहिला भाग १९४५, दुसरा १९५२) पेशवेकालीन पुण्याच्या अर्थव्यवहाराचा विचार केला आहे. त्यावरून जे चित्र उभे राहते ते असे : पुण्याचा व्यापार मुख्यतः दरबार, सरदार, फौज आणि त्यांच्या आश्रितांच्या गरजांवर उभा होता. शालू, दागिने, तांब्या-पितळेची भांडी, धान्य, घोड्यांचा दाणा-वैरण यांना मागणी होती, म्हणून दुकाने होती. सराफ होते, कारण मोहिमांना कर्ज लागत होते. प्रांतोप्रांतीची चौथाई व खंडणी पुण्याकडे वाहत होती तोवर कौल देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही लाभ दिसत होता.

तो प्रवाह आटल्यावर काय झाले हे पाहण्यासारखे आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराचा जय झाला आणि शहर लुटीच्या तडाख्यात सापडले. मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. १८१८ साली पेशवाई संपली व दरबार उठला. पेठा तेथेच होत्या, त्यांचे हौद होते, त्यांतील कित्येकांचे शेटे-महाजनही होते. पण गिऱ्हाईक गेले होते. शहराची कळा उतरली. यावरून निघणारा निष्कर्ष असा की कौल हा व्यापाराला निमंत्रण देऊ शकतो, व्यापार निर्माण करू शकत नाही. माफीने दुकानदार नव्या पेठेत येण्याचा धीर करतो, पहिली दोन-चार कठीण वर्षे काढतो. त्यानंतर त्याला गिऱ्हाईकच तारते.

मग माफीचा भार कोणी उचलला? जकात सोडली म्हणजे तेवढे उत्पन्न सरकारने सोडले. सरकारचा खर्च त्यामुळे कमी झाला नाही. तो अन्य उत्पन्नातून भागला, आणि मराठी राज्याचे मुख्य उत्पन्न जमिनीच्या साऱ्याचे व बाहेरील प्रांतांतून येणाऱ्या पैशाचे होते. म्हणजे पेठेतील दुकानदाराला मिळालेली सूट ही अंतिमतः पेठेबाहेरच्या शेतकऱ्याने, किंवा माळव्यातील आणि कर्नाटकातील रयतेने दिलेली होती. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे.

दुसरेही एक उत्तर आहे, आणि ते कौलाच्या रचनेतच दडले आहे. दुकानदाराची माफी मुदतीची होती. पेठेची व्यवस्था पाहणाऱ्या शेटे-महाजनांचे वतन वंशपरंपरेचे होते. पाच-सात वर्षांनी वाण्याला कर सुरू होई, पण वतनदाराचा हक्क त्याच्या नातवाकडे जाई. सवलत देताना जिची मुदत ठरविली गेली ती संपली. जी मुदतीशिवाय दिली गेली ती चिकटून राहिली. जुन्या पद्धतीचा गौरव करताना हा भाग झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

६

इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या आणि व्यापारासाठी खर्च करणारा हात बदलला. पुण्याची नगरपालिका १८५७ सालची. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. तो छपराखाली न्यावा, शहराच्या मध्यभागी मोठी दगडी इमारत बांधावी, असा विचार पुढे आला, आणि शुक्रवार पेठेत ती उभी राहून १८८६ साली तत्कालीन गव्हर्नराच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून उघडली गेली. येथे माफी नव्हती, खर्च होता. परंतु तत्त्व तेच. मध्यवस्तीत व्यापाराची सोय व्हावी म्हणून सार्वजनिक द्रव्य वेचावे, असे ते तत्त्व.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे या नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढी रक्कम खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. गोरगरिबांच्या शिक्षणाकडे तो पैसा वळावा अशी त्यांची भूमिका होती. फुल्यांचे घर गंज पेठेत, म्हणजे याच पेठांच्या परंपरेत वाढलेल्या वस्तीत होते. त्यांचे घराणे फुलांच्या व्यवसायाचे, जातीने माळी. भाजीबाजार म्हणजे काय हे नगरपालिकेतील इतर सभासदांहून त्यांस अधिक ठाऊक असणार. म्हणून त्यांचा विरोध व्यापाराविषयीच्या अज्ञानातून आला असे कोणास म्हणता येणार नाही. त्यांचा प्रश्न असा होता की एकाच पेटीतून मंडई आणि शाळा या दोहोंचा खर्च निघावयाचा असेल तर पहिला हात कोणी घालावा. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांत तत्त्वतः अंतर नाही.

मुंबईतही असाच वाद घडला होता. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड (१८६५ ते १८७१) याने शहर सुधारण्यासाठी सढळ हाताने खर्च केला. १८६९ साली पूर्ण झालेली मंडई त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. खर्चाचा बोजा वाढल्यावर करदात्यांनी १८७१ साली चळवळ केली, आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडलेल्या सभासदांना नगरसंस्थेत स्थान मिळाले. म्हणजे मुंबईच्या नागरी स्वराज्याचा एक उगम, निदान अंशतः, सार्वजनिक खर्चाचा हिशेब मागण्यात आहे.

पुण्याच्या मंडईला १९३८ साली महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. त्या नामांतरात आचार्य अत्रे यांचा पुढाकार होता. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही अधिकृत नाव पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई असे झाले. दोन्ही इमारती आज आपापल्या शहरांच्या अभिमानाची स्थळे आहेत आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हजारो कुटुंबांना रोजी दिली आहे. तेव्हा फुल्यांचा विरोध चुकीचा ठरला काय? मला तसे वाटत नाही. मंडई उपयोगी ठरली, ही एक गोष्ट. तिच्यासाठी शाळा थांबली किंवा नाही, ही दुसरी. पहिली इमारतीकडे पाहून कळते. दुसरीची इमारत नसल्यामुळे ती दिसत नाही. इतिहासकाराने न बांधलेल्या शाळेचाही हिशेब ठेवला पाहिजे.

७

विसाव्या शतकात या व्यवहाराची भाषा पुन्हा बदलली. संस्थानांतून कौलाची परंपरा काही काळ टिकली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी गुळाच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाली. येथे सभोवतालच्या ऊसपट्ट्याचा माल होता. म्हणून पेठ वसविण्याचा प्रयत्न फळास आला, आणि दरबारी मागणीवर जगलेल्या पेठांहून तिचे आयुष्य अधिक स्वावलंबी ठरले. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने १९६४ पासून उद्योगांसाठी प्रोत्साहन योजना आखल्या, पण त्यांची दिशा उलटी होती. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यातील दाटी कमी व्हावी, उद्योगांनी मागास भागांत जावे, यासाठी सवलती देण्यात आल्या. पुण्यातही घाऊक व्यापार नाना-भवानी पेठांतून गुलटेकडीस हलविण्यात आला. एकेकाळी व्यापाऱ्याला मध्यवस्तीत आणण्यासाठी जे मोल मोजले गेले, त्याच्या उलट मोल त्याला बाहेर नेण्यासाठी पुढे मोजावे लागले.

याच काळात अमेरिकेतील शहरांपुढे नेमका विरुद्ध प्रश्न उभा होता. तेथील मध्यवर्ती व्यापारी भाग ओस पडू लागले होते. कॅलिफोर्निया राज्याने १९५२ साली अशी पद्धत स्वीकारली की एखाद्या जुन्या भागाच्या सुधारणेस कर्ज काढावे, आणि सुधारणेमुळे त्या भागातील मालमत्ता-करात जी वाढ होईल ती त्याच कर्जाच्या फेडीस राखून ठेवावी. ही पद्धत पुढे इतर राज्यांतही पसरली. वरवर पाहता येथे कोणाचेच काही जात नाही. वाढच वाढीचा खर्च देते. परंतु ती वाढ तशीही झाली असती की काय, हा प्रश्न राहतो. आणि झाली असती, तर राखून ठेवलेला कर शाळांच्या व अन्य सेवांच्या वाट्यातून गेला, असेच म्हणावे लागते. हा वाद तेथे साठ वर्षे चालला. अखेर कॅलिफोर्नियानेच आपल्या पुनर्विकास संस्था फेब्रुवारी २०१२ मध्ये विसर्जित केल्या, आणि त्यामागे शाळांचा वाटा हे एक प्रमुख कारण होते. फुल्यांचा प्रश्न पुण्यापुरता नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे आणखी एक बदल झाला आहे. पुणे शहरातील जकात १ एप्रिल २०१३ रोजी संपली व तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तोही मागे पडून १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला. ज्या नाक्यावरची माफी हे कौलाचे मुख्य साधन होते तो नाकाच उरला नाही. यापुढे नगराला व्यापाऱ्याला काही द्यावयाचे असेल तर ते मालमत्ता-करातील सूट, जागा, वाढीव बांधकामाची परवानगी किंवा सरळ पैसा, या रूपांनी द्यावे लागेल.

८

शेवटी पुन्हा शब्दांकडे येऊ. आज आपण या साऱ्याला 'सवलत', 'प्रोत्साहन' किंवा 'अनुदान' म्हणतो. 'सवलत' या शब्दाच्या मुळाशी सुलभता आहे. 'प्रोत्साहन' या शब्दात उत्साह आहे. 'अनुदान' या शब्दात दान आहे. 'सबसिडी' हा तर लॅटिन भाषेत राखीव फौजेच्या मदतीचा वाचक होता. चारही शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतात. घेणाऱ्याने काय करावयाचे, किती दिवसांत करावयाचे, न केल्यास काय, याचा निर्देश त्यांतील एकातही नाही.

'कौल' हा शब्द दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. एकाने शब्द दिला, दुसऱ्याने तो मानून घर उभारले. मुदत सरली की देणेघेणे शिरस्त्यावर आले. त्या पद्धतीत वतनाचा दोष होता आणि तिचा भार अखेर रयतेवर पडत होता, हे वर सांगितलेच आहे. तरीही मुदत, अटी आणि ज्याला दिले त्याचे नाव एका कागदावर लिहिलेले असावे, हा तिचा गुण आजच्या कोणत्याही नगराने घेण्यासारखा आहे. त्या कागदावर आणखी एक ओळ हवी होती. ती पेशव्यांच्या कारकुनाने लिहिली नाही, आणि फुल्यांनी नगरपालिकेत विचारली. हा पैसा दुसऱ्या कोणत्या कामाचा होता, ही ती ओळ.

वर्गातील त्या विद्यार्थ्यास त्या दिवशी मी 'पुढच्या तासाला सांगेन' असे म्हटले होते. म्हणजे मीही एक कौल दिला होता. त्याची मुदत केव्हाच टळून गेली आहे. प्रस्तुत लेख हा त्या कौलाच्या विलंबित पूर्ततेचा प्रयत्न समजावा.